निळ्या दोऱ्याची पोती

प्रिय सूनबाई,

लिहिलं खरं 'सूनबाई', मग खोडलं, दुसरा कागद घेतला आणि परत तेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? नावाने मी तुला कधी हाक मारली नाही, आणि 'प्रिय मॅडम' म्हटलं असतं तर तू हसून लोळली असतीस. तेव्हा खटकलाच तर एवढा एक शब्द गिळ आणि पुढे वाच. फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. समोरच्याला बोलू न देता मीच सुटते, आणि मग जे सांगायचं ते सोडून भलतंच सांगून फोन ठेवते. शिवाय पत्र कसं, मध्येच बाजूला ठेवून चहा करून येता येतं. हे पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा आत्ताच टाकलास तरी चालेल.

तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? त्यांना अजून विहीणबाई म्हणायचं की नाही, यावरही माझं डोकं चालेना, म्हणून नुसता नमस्कार सांग. मी ठणठणीत आहे. आणि ऐक, माझा खोकला गेला. पार गेला. मी या घरात आले तेव्हापासून खोकत होते, इतकी की मला वाटायचं बायकांचं लग्नानंतर असंच होत असावं. तुझा पहिला उन्हाळा आठवतोय मला. जर्दाळू चिरून धुरीच्या खोलीत रचले होते, गंधक पेटवलं होतं, आणि तू मोठ्या उत्साहाने बघायला आत गेलीस. बाहेर आलीस ती नाकाडोळ्यांतून धारा. मी मनात म्हटलं, झालं, नाजूक प्रकरण आलंय घरात. अन्नपदार्थांचं शास्त्र शिकलेली पोरगी आणि एवढ्याशा धुराने रडतेय. तू डोळे पुसलेस आणि माझ्याकडे बघून विचारलंस, "आई, तुम्ही हे रोज करता?" त्या दिवसापर्यंत मला हे कुणी विचारलं नव्हतं गं. 'माल किती झाला' एवढंच सगळे विचारायचे.

मग तू माझ्या डोक्यावर मिरी वाटायला घेतलीस. धुरी बंद करायची, झाडांवर फवारे बंद करायचे, जर्दाळू नुसत्या उन्हात वाळवायचे, आणि तीन वर्षं असं केलं की सेंद्रिय मालाचं प्रमाणपत्र मिळेल, मग खाऊचे कारखाने आपण होऊन दारात येतील. मी हो म्हटलं ते पटलं म्हणून नाही, तू गप्प बसशील म्हणून. पहिल्या वर्षी माल वाळून तयार झाला आणि मी कपाळावर हात मारला. गंधक दिलेला जर्दाळू कसा नारिंगी, तुकतुकीत असतो. हे आमचे दिवटे काळपट, सुरकुतलेले, म्हाताऱ्याच्या गालासारखे. आपल्या नेहमीच्या घाऊक व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला आणि गेल्या वर्षीचा माल या वर्षी विकताय का, असं मलाच विचारलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू मात्र शांतपणे एक जर्दाळू त्याच्या तोंडात कोंबलास. कोंबलासच, मी पाहिलंय. तो चावत राहिला आणि मग म्हणाला की चव आहे, पण लोक डोळ्यांनी विकत घेतात. खरं होतं ते. त्या वर्षी अर्धा माल गोदामातच राहिला.

दुसऱ्या वर्षी तू गेलीस. तुमच्या दोघांचं का फाटलं, त्यात मी तेव्हाही शिरले नाही आणि आताही शिरणार नाही. दोघंही शहाणी होतात आणि एकमेकांना नको होतात, एवढं मला दिसत होतं. पण जायचा दिवस तू काय निवडलास! वाळवण ऐन भरात होतं, अंगणभर चटया पसरलेल्या, मी उकिडवी बसून जर्दाळू पलटत होते. तू बॅग घेऊन आलीस आणि माझ्याजवळ उभी राहिलीस. मी मान वर केली नाही, कारण केली असती तर रडले असते, आणि कामाला आलेल्या बायकांसमोर मला ते नको होतं. तू एवढंच म्हणालीस, "खालच्या रांगेतले संध्याकाळी पलटा, आई, त्यांना ऊन उशिरा लागतं." आणि गेलीस. पलटले हो मी. सगळे पलटले.

त्यानंतर धुरी पुन्हा सुरू करायला मला कुणाची आडकाठी नव्हती. व्यापारी तर रोज गूळ लावायचा. मुलगाही म्हणाला, आई, सोड तो नाद. का नाही सोडला ते नीट सांगता येत नाही. थोडा हट्ट, थोडा तो गेलेला खोकला, आणि थोडं असं की घरात तुझ्या हातचं एवढंच एक सुरू होतं. तिसरं वर्ष मी कसंबसं ढकललं. प्रमाणपत्र आलं, तेव्हा तुझा निरोप आला होता, मिळालं का म्हणून. मी उत्तर धाडलं, 'मिळालं'. एकच शब्द. राग मानू नकोस. खरं तर तेव्हा माझी अवस्था बिकट होती. गोदाम भरलेलं, गिऱ्हाईक नाही, आणि व्यापाऱ्याने सरळ सांगितलेलं की पुढच्या हंगामात नारिंगी माल द्या, नाहीतर बागच मला द्या, मी बघतो काय करायचं ते. मी मनाशी ठरवून टाकलं. एक हंगाम अजून. प्रमाणपत्रावर एखादा कारखाना मिळाला तर ठीक, नाहीतर बाग देऊन मोकळी होते.

आणि कारखाना मिळाला! लहान मुलांचा खाऊ करणारा. त्यांची खरेदी बघणारी बाई स्वतः आली. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच भुवई वर करून ऐकणारी. तिला माल आवडला, काळा रंग बघून ती उलट खूशच झाली. अट एकच, वाळवण जमिनीवर नको, उंचावर ट्रेमध्ये हवं, धूळ नको. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. आता हस. धुरीच्या वेळचे जुने ट्रे तू पहिल्याच वर्षी मोडीत काढले होतेस, तेव्हा नवे करायचे तर लाकूड हवं. आणि अंगणाच्या टोकाला धुरीची खोली रिकामी उभी. चारी भिंती सणसणीत फळ्यांच्या. मी सुतार बोलावला आणि खोली पाडली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू, एकेक फळी निघताना मी तिथे खुर्ची टाकून बसले होते. सुतार म्हणाला, बाई, नवं लाकूड घेऊ या. मी म्हटलं, लाकूड काय पैशाला पासरी मिळतं? रंधा मार चांगला, दोन्हीकडून. त्याने मारला. फळ्या नव्यासारख्या झाल्या, त्यांचे ट्रे झाले, आणि मी सगळ्यांना दाखवत फिरले.

तुझ्या लक्षात आलं असेलच. माझ्या नाही आलं. सगळा हंगाम त्या ट्रेवर वाळवला. शेवटी वरच्या उतारावरची झाडं एकदम पिकली, ट्रे पुरेनात, म्हणून तो माल गच्चीवर खाटा मांडून, त्यावर घरातल्या चादरी अंथरून टाकला. एकही चादर शिल्लक ठेवली नाही, मी आठवडाभर उघड्या गादीवर झोपले. कारखान्याला नमुना गेला आणि त्यांच्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं, मालात गंधक आहे, सेंद्रिय म्हणून घेता येणार नाही. मी फोनवर त्या प्रयोगशाळेच्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझा तोंडाचा पट्टा तुला माहीत आहे. त्याचं यंत्र बिघडलंय इथपासून त्याला नाक आहे का इथपर्यंत. फोन ठेवला आणि विचार करायला बसले. चार उन्हाळे काडी ओढली नाही आणि गंधक आलं कुठून? पाणी बघितलं, पोती हुंगली, शेजारच्या बागेत कुणी धुरी देतं का बघून आले. काही नाही. व्यापाऱ्याला कुठून कळलं कोण जाणे, दुसऱ्याच दिवशी येऊन बाग पायाने मोजल्यासारखा फिरून गेला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

भर दुपारी अंगणात रिकामे ट्रे उन्हात तापत पडले होते. मी त्यांच्यामधून जात होते आणि नाकाला तो वास आला. काडी ओढल्यावर येतो तसा, अगदी पुसट. खाली वाकले, ट्रेला नाक लावलं, मग शेजारच्याला लावलं, तोच वास. वर्षानुवर्षं धूर प्यायलेलं लाकूड, रंधा मारून काय होणार होतं! जुने ट्रे तू का मोडीत काढलेस ते तू तेव्हा सांगितलंही होतंस. माझ्या कानांनी ऐकलं होतं, डोक्यात काही शिरलं नव्हतं. मी आधी सुताराच्या नावाने बोटं मोडली, मग माझ्याच, आणि मग हसू यायला लागलं. ज्या खोलीपायी एवढं सगळं झालं, ती मी हौसेने जर्दाळूंखाली अंथरली होती.

पण तेवढ्यात गोदामातली पोती आठवली. ती तुझी पद्धत मी मोडलेली नाही बरं. वाळवायच्या प्रत्येक जागेला वेगळ्या रंगाचा दोरा, पोत्याचं तोंड त्याच दोऱ्याने शिवायचं. तू हे सुरू केलंस तेव्हा मी तुला चिडवलं होतं, पोत्यांना रिबिनी कशाला म्हणून. ट्रेवरच्या मालाला लाल दोरा होता, आणि चादरींवरच्या मालाला निळा. नमुना गेला होता तो सगळा लाल पोत्यांतला. मी त्या खरेदीच्या बाईला फोन केला आणि आधी खोलीची सगळी कथा सांगितली, काही झाकलं नाही. मग म्हटलं, निळ्या दोऱ्याची पोती वेगळी तपासा, आणि तीही नापास झाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. उत्तर येईपर्यंत कामाच्या बायकांना माझ्याशी बोलायची हिंमत नव्हती.

पास झाली. स्वच्छ. गंधकाचा मागमूस नाही. माझा जीव भांड्यात पडला. माल थोडाच होता, पण सगळाच्या सगळा त्यांनी उचलला. लाल दोऱ्याचा माल साधा म्हणून व्यापाऱ्याच्या गळ्यात मारला, आणि बाग विकायची नाही हेही त्याच वेळी सांगून टाकलं. त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस. ट्रेंचं कुंपण केलंय, फेकवत नाही मला. आणि ती बाई परत येऊन गेली. पुढच्या हंगामापासून आपला सगळा माल त्यांना हवा आहे, आणि आसपासच्या चार बागाही आपण तयार केल्या तर त्यांचाही. शेजारच्या बागेची मालकीण कालच विचारून गेली, धुरी सोडायला किती दिवस लागतात म्हणून. फक्त जाताना ती बाई गोड आवाजात म्हणाली, "आमच्या प्रयोगशाळेशी त्यांच्या भाषेत बोलणारं आणि भांडण न करणारं कुणीतरी तुमच्याकडे हवं." माझ्याकडे बघून म्हणाली. मला रागही येईना.

तेव्हा आता मुद्द्यावर येते. तू ये. घरात राहायला नव्हे, धंद्यात. नोकरीला नाही, बरोबरीची भागीदार म्हणून. गोदामाच्या वरच्या दोन खोल्या मी झाडून, चुना मारून ठेवल्या आहेत, जिना वेगळा आहे, किल्ली तुझी. तिथे नको असेल तर तुझ्या गावाहून ये-जा कर, पण ये. मुलगा आता बाहेरगावी असतो, त्याला मी फोनवर विचारलं नाही, सांगितलं. तो मग म्हणाला, "विचार तिला. ती आली तर मी आधी फोन करून येत जाईन." तुझा नकार आला तरी मी रागावणार नाही, कुणी दुसरी शिकलेली पोरगी शोधीन आणि तिच्याशी भांडेन. पण मला दुसरी नको आहे गं. खोलीच्या फळ्यांचे ट्रे करताना मला 'आई, थांबा' म्हणणारी हवी आहे. तुमचं दोघांचं नातं तुम्ही मोडलंत, त्या कागदावर तुम्ही दोघांनी सह्या केल्यात, ते तुमचं तुम्हाला लखलाभ. माझी सही कुणी मागितलीच नव्हती. मागितली असती तरी मी दिली नसती.

वाट बघणारी, अजूनही तुझीच,

आई