आमच्या गावची बाई

माय, गुडीहत्नूरच्या घरातून आपण दोघांनी एकाच दिवशी बी.ए.चा फॉर्म भरला होता. ओपन युनिव्हर्सिटी तेव्हा नवीनच निघाली होती. पुस्तकं टपालानं घरी यायची, पाठ रेडिओवर लागायचे आणि रविवारी आदिलाबादच्या कॉलेजात क्लास असायचा. तू चाळिशीची, बालवाडीची बाई. मी तेवीस वर्षांचा, तहसिलात कारकून, अन् अंगात भलताच तोरा. आम्हा पुरुषांना तो क्लास म्हणजे नसती कटकट वाटायची. पुस्तक घरी येतं ना, मग झालं की, असं म्हणून आम्ही हजेरी लावायचो आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसायचो. बायका मात्र एक रविवार चुकवत नव्हत्या. तू म्हणायचीस, "घरी पुस्तक उघडलं का कोणी ना कोणी हाक मारतेच. इथं दोन घंटे कोणी जेवाले मांगत नाही."

तुझं आणखी एक होतं. पुस्तकं तेलुगूत. अक्षरं लावत एक पान वाचायला तुला अर्धा तास लागायचा, पण सरांचं बोलणं कानावर पडलं की सगळं समजायचं, कारण बाजारात तू तेच तेलुगू बोलत आली होतीस. रेडिओचा पाठ नेमका भाकरी थापायच्या वेळी लागायचा. म्हणजे रविवार गेला की तुझं सगळंच गेलं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

एका रविवारी सरांनी मला प्रश्न विचारला. मी खाली मान घालून उभा. मागच्या बाकावरून तू उत्तर देतेस, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, पण बरोबर. पोरं हसतात. शेजारचा विचारतो, "कोण आहे रे ते बाई?" मी म्हणतो, "आमच्या गावची आहे."

पुढच्या शनिवारी मी तुला सांगितलं, क्लास बंद झाले, आता नुसती पुस्तकंच. तू म्हणालीस, "मंग तुयं कसं होईन?" तुला माझीच काळजी. मी मात्र तहसिलातलं काम सांगून हजेरीला जात राहिलो. परीक्षेत मी पास झालो, तुझे तीन पेपर गेले. मग मावला गावची एक क्लासातली बाई तुला बसस्टँडवर भेटली, आणि तुला सगळं कळलं. घरी येऊन तू मला जेवायला वाढलंस. मग हळूच म्हणालीस, "सांगाचं होतं ना, बाबू. मी मांगं चूप बसली असती."

मला तेव्हा माफीसुद्धा मागता आली नाही. तू पुन्हा फॉर्म भरला नाहीस, आणि मीही भर म्हणालो नाही.

तू आता नाहीस, हे पत्र कुठं टाकणार? काल माझ्या पोरीनं विचारलं, आजीनं बी.ए. अर्धवट काऊन सोडलं? मी म्हणालो, "तिला झेपलं नाही."