पवित्रा घेऊन दारात

६ ऑगस्ट, बुधवार
मागच्या क्रॉसला, म्हणजे मागच्या गल्लीत, चोराने एका बाईच्या गळ्यातली चेन ओढली. ती पहाटे फुले तोडत होती. दुसऱ्यांची. उपेंद्रला हे बंगळूरात बसून माझ्याआधी कळले. लगेच फोन. म्हणाला, आई, आता पुरे. म्हैसूरच्या विजयनगरमध्ये एवढ्या घरात एकटी बाई. दसऱ्याला येतो तेव्हा तुला घेऊनच जातो, घर भाड्याने देऊ. मी म्हटले, तुझे बाबा या घरातून गेले, मीही इथूनच जाणार. तो म्हणाला, तेच म्हणतोय, कोणीतरी येऊन घालवेल.
ठरवले. दसऱ्यापर्यंत मी स्वतःचे रक्षण करू शकते हे त्याला दाखवायचे. जयलक्ष्मीपुरमला एका कल्याणमंटपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, मागच्या हॉलमध्ये बायकांसाठी कराटे क्लास आहे. उद्यापासून.

७ ऑगस्ट
गेले नाही. पाऊस. शिवाय आधी वाचून घेतलेले बरे. शाळा माझी सातवीपर्यंत, तीही कन्नडात. मराठी वाचायला मी भजनाच्या वहीवरून एकटीच शिकले आणि मग हाताला लागेल ते वाचले. तेव्हा पुस्तकावरून शिकणे मला नवीन नाही. वाचनालयातून स्वसंरक्षणाचे एक जुने पुस्तक आणले. प्रत्येक चित्रात एक मिशीवाला दुसऱ्या मिशीवाल्याला पाडतो. बाई एकही नाही. मिशी सोडली तर सगळे जमण्यासारखे आहे.

११ ऑगस्ट, सोमवार
पहिला दिवस. शिकवणारी यशस्विनी, ब्लॅक बेल्ट, कन्नड मुलगी, उपेंद्रच्या अर्ध्या वयाची असेल. मला अज्जी म्हणाली. मी म्हटले, आंटी म्हण. मग सगळ्यांसमोर म्हणाली, आंटी, हवे तर खुर्चीवर बसून करा.
क्लासमध्ये गोदावरीबाई निघाल्या. आमच्या विठ्ठल मंदिरातल्या भजनाच्या. माझ्या आधी पंधरा दिवस आल्या म्हणून सीनियर. मला म्हणाल्या, माझा गुडघा कपाळापर्यंत जातो. बघितले. कपाळ गुडघ्यापर्यंत नेतात.
पवित्रा शिकवला. पाय फाकवून, गुडघे वाकवून, मुठी कमरेला. मी घेतला तो सुटेना. यशस्विनीला दोन्ही हात धरून उठवावे लागले. इतका पक्का बसला होता.

१८ ऑगस्ट
ड्रेस शिवला. विकत का घ्यायचा, शिंप्याचे घर आहे. दुकान बंद केले तेव्हाचे शाळेच्या युनिफॉर्मचे पांढरे कापड माळ्यावर होते. ह्यांच्याच टेपने माप घेतले. मशीन चालवताना शेजारच्या स्टुलाकडे कापड सरकवायची सवय अजून गेली नाही. काजे हे करायचे. मी काजे ठेवलेच नाहीत, नाडी लावली.
दोन खिसे ठेवले. एक चष्म्याला, एक किल्लीला. यशस्विनी म्हणाली, आंटी, कराटेच्या ड्रेसला खिसे नसतात. मी म्हटले, चोर आला तर किल्ली कुठे ठेवू. ती म्हणाली, चोर आला तर तुम्ही घरातच असाल ना. या पोरीला उलट बोलायची सवय आहे.

२५ ऑगस्ट
मनगट सोडवण्याचा डाव. कोणी धरले की आपला हात त्याच्या अंगठ्याकडे फिरवून झटकायचा. अंगठा एकटा असतो, त्याच्या बाजूने वाट असते. अगदी सोपे. गोदावरीबाईंनी माझे मनगट धरले. सुटले नाही. त्या खरेच धरतात. चोराला घाई असते, तो असे धरणार नाही.
गोदावरीबाई म्हणाल्या, काय हो तुंगाबाई, बांगड्या भरायला बसल्यासारखा हात देता. मग माझ्या मोकळ्या मनगटाकडे त्यांचे लक्ष गेले.  नंतर त्यांनी स्वतःच्या पिशवीतली चकली दिली. मऊ पडलेली होती.

३१ ऑगस्ट, रविवार
यशस्विनीची जिल्ह्याची स्पर्धा. मी आणि गोदावरीबाई बघायला गेलो. पुस्तकात आहे की लढणाऱ्याला बाहेरून जे दिसते ते आतून दिसत नाही, म्हणून जाणत्याने सांगत राहावे. मी सांगत राहिले. डावा पाय मागे. हनुवटी खाली. आता मार, वाट कसली बघतेस. पंचाने दोनदा माझ्याकडे बघितले. म्हणजे त्याला पटत होते.
अडचण अशी की दोघींचे कपडे सारखे, डोक्याला टोप, आणि चष्मा मी घरी ड्रेसच्या खिशात विसरले होते. अर्धा वेळ मी दुसरीला सांगत होते. दुसरी जिंकली.
परत येताना यशस्विनी ऑटोत तोंड फिरवून बसली. मी म्हटले, वाईट वाटून घेऊ नको. माझा सल्ला बरोबर होता हे तरी सिद्ध झाले. ती म्हणाली, आंटी, सुम्ने इरी. म्हणजे गप्प बसा. हरल्यावर माणूस असा बोलतो.

१० सप्टेंबर
उपेंद्रचा व्हिडिओ कॉल. फोन डब्याला टेकवून त्याला समोरची लाथ दाखवली. तो म्हणाला, आई, मला फक्त छत दिसतंय, तू कुठे आहेस. मी म्हटले, अँगल. थोडा वेळ छतच दिसत राहिले. मग मी फर्निचरला धरून अँगल बदलला.
सून मागून म्हणाली, अत्ते, इथे खोली तयार आहे, पडदे सुद्धा लावलेत. चांगली मुलगी आहे. पण पडदे लावून माणूस येतो का. या घरात मी मोठ्याने काही म्हटले तर ह्यांना ऐकू गेल्यासारखे वाटते. तिकडे कुणाला ऐकू जाईल.

१६ सप्टेंबर
गुडघा. क्लास बंद. यशस्विनीने फोन केला, विश्रांती घ्या म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता असे गोदावरीबाईंचे मत.
हरकत नाही. आता घर तयार करायचे. पुस्तकाप्रमाणे शत्रू नेहमी पाठीमागून येतो. मागच्या दाराला पितळी घंटा बांधली. खिडकीत तिखटाची बरणी. खुर्ची मागच्या दाराकडे तोंड करून ठेवली. दुपारभर बसले. मांजर आले. घंटा वाजली. तिखट माझ्याच डोळ्यांत गेले, पण व्यवस्था चालते हे कळले.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. गोंबे मांडले, नवरात्रातल्या बाहुल्या. लग्नात आईने दिलेली राजाराणीची लाकडी जोडी वरच्या पायरीवर, खाली बाकीच्या बाहुल्या, शेवटी वाणी आणि त्याचे दुकान. राजाराणीसमोर चांदीचा गडू. ह्यांचा फोटो बाजूच्या भिंतीवर आहे तिथेच. ते गेल्यावर पहिल्या वर्षी मांडले नव्हते. गल्लीतल्या मुली येऊन दारातून परत गेल्या, ते बरे वाटले नाही.
आता नऊ दिवस संध्याकाळी पुढचे दार उघडे. म्हैसूरात गोंबे मांडले की कोणीही येते, ओळख लागत नाही. तुम्ही कोण असे विचारायचे नसते. बसवायचे, उसळ द्यायची, बायकांना कुंकू. कुंकू लावायला समोरची सहना येते, तेवढे मी करत नाही.
मागच्या दाराची घंटा घट्ट केली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
आज फार चांगला दिवस. एक जोडपे आले. चाळिशीचे, नीटनेटके. मंड्या गावचे आहोत म्हणाले, गल्लोगल्ली गोंबे बघत फिरतोय. त्याने वाण्याचे दुकान खाली बसून बघितले, तराजू किती बारीक केलाय म्हणाला. मग माझा ड्रेस दोरीवर वाळत होता, तो बघून विचारले, घरात कोणी कराटे करते का. मी सांगितले. दोघे थक्क.
त्याला मनगट धरायला लावले आणि डाव करून दाखवला. लगेच सुटले. मग त्याला शिकवला. दुसऱ्याच वेळेला जमले त्याला. मी म्हटले, तुमचा हात चांगला आहे. गोदावरीबाईंना अजून असे जमत नाही. बायको पाणी प्यायला आत गेली होती, तिने बघितले नाही.
दोन वाट्या उसळ खाल्ली. गेटपर्यंत सोडायला गेले. जाताना वाकून नमस्कार केला दोघांनी. अशी माणसे अजून आहेत.

२८ सप्टेंबर
गडू सापडत नाही. घासायला घेतला असणार मी. स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी सुरू करावी.

२९ सप्टेंबर
तांदळाच्या डब्यात नाही. मशीनच्या खणात नाही. कपाटातली ह्यांच्या घड्याळाची डबीही मीच कुठेतरी सुरक्षित ठेवली आहे. इतकी सुरक्षित की मलाच मिळत नाही. चोराला काय मिळणार.

२ ऑक्टोबर, विजयादशमी
उपेंद्र सकाळी आला. मी ड्रेस घालून दार उघडले. आधी हसला, मग हसेना. मी पवित्रा घेतला आणि कोणाची मदत न घेता सोडला. घंटा दाखवली, तिखट दाखवले. त्याला माझे मनगट धरायला लावले. सुटले. त्याने सोडले असेल, पण सुटले. तो ह्यांच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, सरी, ठीक आहे, संक्रांतीपर्यंत बघू.
जिंकले. दोन महिन्यांनी पोटभर जेवले.
दुपारी तो म्हणाला, पूजेला गडू दे.

२ ऑक्टोबर, संध्याकाळ
गोदावरीबाई आल्या. त्यांच्या समया गेल्या. मंड्याचे जोडपे. त्यांनी त्याला गुडघा कपाळाला लावून दाखवला होता.
उपेंद्र माझ्याकडे बघत राहिला.  बोलला असता तर मला उत्तर देता आले असते.

३ ऑक्टोबर
पोलीस ठाणे. इन्स्पेक्टरने वर्णन विचारले. मी म्हटले, पकड साधारण, पण शिकण्याची तयारी चांगली. उपेंद्रने माझ्या खांद्यावर हात ठेवला. इन्स्पेक्टर म्हणाले, अम्मा, तोंडाचे वर्णन.
मागच्या दाराने कोणी आले असते तर वेगळे झाले असते. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी लिहून घेतले नाही.

५ ऑक्टोबर
श्रीरंगपट्टणाच्या बसस्टँडवर पोलिसांना दोघे दिसले. बाई सापडली, तिच्याकडे समया आणि गडू मिळाले. घड्याळ नाही, ते त्याच्याकडे. त्याचे मनगट कॉन्स्टेबलने घट्ट धरले होते. त्याने हात अंगठ्याच्या बाजूने फिरवून झटकला आणि पळाला. कॉन्स्टेबल म्हणाला, असे आजपर्यंत कोणी सोडवले नव्हते.
यशस्विनीला फोन करून सांगितले.  तिने विचारले, आंटी, तुम्ही ठीक आहात ना. मी हो म्हटले.

६ ऑक्टोबर
उपेंद्र रजा वाढवून थांबला आहे. सकाळी गोंबे कागदात गुंडाळायला बसला माझ्याबरोबर. रागावला नव्हता. म्हणाला, आई, एवढेच सांग. ती बाई आत गेली, इतका वेळ बाहेर आली नाही. तुला काहीच वाटले नाही का.
वाटले होते. पाणी प्यायला एवढा वेळ लागत नाही हे माझ्या लक्षात आले होते. पण तो माणूस तेव्हा ह्यांच्या फोटोसमोर उभा होता. त्याने विचारले होते, हे कोण. मी सांगत होते. दुकान कसे घेतले, पहिला ड्रेस कुणाचा शिवला, कॉलर उलटी लागली तेव्हा रात्रभर हसलो ते. तो मध्ये मध्ये विचारत होता, मग पुढे. आणि पुढचे अजून राहिले होते. उठून आत गेले असते तर ते तिथेच राहिले असते.
उपेंद्र राणीला गुंडाळत राहिला. कागद संपला तरी हात फिरवत होता. मग म्हणाला, कॉलरचे मला कधी सांगितले नाहीस. मी म्हटले, तू कधी विचारलेस.
त्याला संध्याकाळी सांगितले, येते बंगळूरला. त्याने खरेच का म्हणून विचारले नाही. तिकिटे आधीच काढली होती.

१२ ऑक्टोबर, रविवार, बंगळूर
नववा मजला. पडदे चांगले आहेत. सुनेने ड्रेस धुऊन इस्त्री केला, खिशांसकट. खाली क्लबहाऊसमध्ये योगा आहे, कराटे नाही. मी चौकशी केली. ज्येष्ठ नागरिकांसाठी मी स्वतः सुरू करू शकते असे मॅनेजर म्हणाला, मुलाचे ना-हरकत पत्र आणा.
ह्यांचा फोटो हॉलमध्ये लावू म्हणाले होते. खिळा मारायला परवानगी लागते. सध्या कपाटात.
उपेंद्रने रात्री जेवताना विचारले, कॉलरनंतर काय झाले. मी सांगायला लागले. त्याला फोन आला. बाल्कनीत गेला. डाळ निवली.
इथे मी अगदी सुरक्षित आहे. गेटवर वॉचमन आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव विचारतो, वर फोन करतो, घरचे हो म्हणाले तरच सोडतो. फोन माझ्या खोलीच्या दाराशीच आहे.
आज एकदाही वाजला नाही.