झिंगलेल्या हत्तीचा वारस

मी, कारुबे गेन्झो, वय एक्क्याऐंशी, राहणार तेंदो, धंदा शोगीच्या, म्हणजे आमच्या जपानी बुद्धिबळाच्या, सोंगट्या कोरणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. अक्षर घाईचे आहे. माझा मुलगा तादाओकी आज दुपारी घर विकण्याचा करार घेऊन येणार आहे.

कलम १. पोस्टातली शिल्लक माझ्या अंत्यविधीला व उरेल ती देवळाला. धार लावायचा निळा दगड शेजारी होन्मा यांस. तो त्यांनी पूर्वीच नेला आहे; आता निदान चोरीचा राहणार नाही.

कलम २. हत्ती. आजच्या शोगीत तो नाही. पूर्वी राजाच्या पुढ्यात असे. त्याला झिंगलेला हत्ती म्हणत. हा खेळ भारतातल्या फौजेचे हत्ती घेऊन निघाला आणि देशोदेशी रूप बदलत आमच्याकडे आला. पुढे राजवाड्यातून हुकूम सुटला आणि हत्ती पटावरून गेला, असे सांगतात. त्याचा माग काढण्यात माझे आयुष्य गेले. देवळांच्या पेट्या उपसल्या. जुन्या किल्ल्याच्या मातीत एक लाकडी हत्ती सापडल्याचे कळले, तेव्हा बर्फात गाडी अडली तर चालत गेलो. तो पाहून मी कोरलेला हत्ती माझी मुलगी मिओ हिला द्यावा.

तादाओकी म्हणतो, "बाबा, तो हत्ती मरून चारशे वर्षं झाली. तुम्ही अजून त्याची शेपटी धरून बसलाय!"

त्याला जुना नियम ठाऊक नाही. हत्ती शत्रूच्या घरांत शिरला की युवराज होतो. मग राजा मेला तरी डाव संपत नाही, युवराज त्याच्या जागी खेळतो.

कलम ३. घर, कामाची खोली व कोरण्या मिओला; पण एका अटीवर. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, पण भाऊ ओरडला की ती मान खाली घालून कोरत राहते. परवा म्हणाली, "मला काही नको, बाबा. दादाला देऊन टाका." मला तिचा भयंकर राग आला. आपल्याच घरात बसून हत्तीचा युवराज होत नाही. माझ्या मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशीच्या विधीला तिने भावाच्या तोंडावर या घरावर हक्क सांगावा. न सांगितल्यास सर्व तादाओकीचे, आणि तो घर पाडणार हे मला माहीत आहे. ती बोलणार नाही, अशी मला भीती वाटते.

येथे लिहिणे थांबवावे लागले. दार सरकवून तादाओकी आत आला, तो बुटांसकट!

"बाबा, घर घेणारी मंडळी गाडीत थांबलीयेत. शिक्का काढा, दोन मिनिटांचं काम आहे."

आमच्याकडे सहीऐवजी चालतो तो शिक्का मी मुठीत धरला. साक्षीदार म्हणून बसलेले होन्मा आणि देवळाचे पुजारी चहाच्या पेल्यात बघू लागले. आतल्या खोलीतली कोरणी थांबली आणि मिओ दारात आली.

"दादा, आधी बूट काढ."

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार! हे माझं घर आहे. इथे कुणी बूट घालून येत नाही. काढ, नाहीतर बाहेर हो."

आवाज चिरकला तिचा, पण ती हलली नाही. तादाओकी खाली बसला. मग नाड्या सोडू लागला.

कलम ३ मधील अट मी खोडली आहे. खोडलेल्या ओळींवर रीतसर शिक्का मारला आहे; माझे डोळे भरल्यामुळे तो तिरका उमटला.

कलम ४. आजच्या शोगीत मारलेली सोंगटी मरत नाही. जिंकणारा तिला आपल्या बाजूने पुन्हा पटावर बसवू शकतो. कामाच्या खोलीत खिडकीजवळची तादाओकीची जुनी बैठक तशीच आहे. त्याला तिथे बसवायचे की नाही, हे मिओ ठरवील.

ठिकाण: तेंदो, यामागाता
दिनांक: १९ नोव्हेंबर, रेइवा ६ (सन २०२४)

साक्षीदार: होन्मा तेरुकिची, लाखकाम करणारे (दगड परत देण्यास तयार)
साक्षीदार: र्‍योकाई, देवळाचे पुजारी

कारुबे गेन्झो (शिक्का)