जप्त स्विचर आणि न सापडलेला ठोकळा

प्रति,
मा. विशेष अधिकारी, यात्रा व्यवस्था,
यात्रा समिती कार्यालय, हिरेसावळी,
ता. आळंद, जि. कलबुर्गी.

अर्जदार : सुधारानी प्रभुलिंग हत्तरगे, वय ३४, धंदा : कार्यक्रमांचे थेट चित्रण, रा. मादन हिप्परगा.

विषय : जप्त स्विचर थोरल्या रथाआधी परत मिळणे, तसेच अस्तित्वात नसलेला ठोकळा हजर करता येत नसल्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस जा. क्र. ४१, दि. ७ एप्रिल २०२५.

महोदय,

१. अर्जदार नऊ वर्षे लग्ने, प्रवचने आणि यात्रा पडद्यावर दाखवते. स्विचर म्हणजे चार कॅमेऱ्यांपैकी कोणते चित्र पडद्यावर जायचे ते ठरवणारे बटणांचे यंत्र. त्यात चित्र वळवण्या-फिरवण्याचीही सोय असते. खजुरीच्या एका लग्नात अर्जदाराने नवरानवरीला पुस्तकाच्या पानासारखे उलटवले होते. ते जोडपे आजही सुखाने नांदत आहे. अर्जाची कन्नड प्रत जोडली आहेच. साहेब दोन्ही वाचतात, पण अर्जदाराला राग मराठीतच नीट मांडता येतो.

२. दि. ६ रोजी धाकटा रथ निघाला. तिन्ही मानकरी पडद्यावर एकदमच दिसावेत, कोणी आधी नको, कोणाची चौकट लहान नको, असे समितीनेच बजावले होते. शेजारी शेजारी ठेवावे तर उजवीकडे कोण यावरून वाद. खाली-वर ठेवण्याची तर सोयच नाही. म्हणून अर्जदाराने स्विचरमधला फिरता ठोकळा, म्हणजे बाजूबाजूवर एकेकाचे चित्र घेऊन पडद्यावर फिरणारी आकृती, निवडला. तो सतत फिरत राहिला की पहिला कोण हे कोणालाच सांगता येत नाही. अडचण एवढीच, की मानकरी तीन आणि ठोकळ्याच्या फिरत्या बाजू चार. रिकामी बाजू काळी दिसते, आणि रथाच्या दिवशी पडद्यावर काळे कोण दाखवील? तिथे अर्जदाराने निंगप्पा यांना घेतले. रथाच्या चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, सारून तो वळवण्याचे आणि थांबवण्याचे काम ते एकतीस वर्षे करतात.

३. मानकरी अंकुशराव यांनी तक्रार केली, की आपल्याला ठोकळ्यावर चढवून पाडले व फेट्यासकट चिंचोळे केले. बाजू वळताना प्रत्येकच जण क्षणभर चिंचोळा दिसतो, निंगप्पाही दिसले. त्यांची तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी आपले दोन कर्मचारी तो ठोकळा जप्त करायला आले. त्यांनी टेम्पो झाडला, बॅटऱ्यांची पेटी उपसली, अर्जदाराचा भाकरीचा डबादेखील उघडला. ठोकळा बटण दाबल्यावर पडद्यावर दिसतो आणि दुसरे बटण दाबल्यावर जातो, हे तिने परोपरीने सांगितले. त्यावर एकाने शांतपणे विचारले, "मग फोडलाव कामून, अक्का?" पंचनाम्यात लिहिले आहे : "ठोकळा मिळून आला नाही. अर्जदाराने तो अन्यत्र हलवला असावा. सबब स्विचर ताब्यात घेतला." साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि वर भुईच उचलून न्यायची, असा हा प्रकार झाला.

४. आता आपण हमीपत्र मागता. त्यातले पहिले कलम, यापुढे कोणाही व्यक्तीस फिरवणार नाही. अर्जदाराने कोणाला हातही लावलेला नाही. अंकुशराव जिथे उभे होते तिथेच उभे होते. दुसरे कलम, ठोकळा तीन दिवसांत जमा करीन. कार्यालयाचे समाधान होत असेल तर ती सुताराकडून बाभळीचा ठोकळा करून आणून देईल, पोच मात्र द्यावी. तिसरे कलम, चौथी बाजू कायम रिकामी ठेवीन. दुखणे सगळे इथे आहे. फेटा चिंचोळा झाल्याचे कोणाला काही वाटले नाही. मोगरीवाला मानकऱ्यांएवढ्याच चौकटीत आला, हे पचले नाही. अर्जदाराला या कलमाची चीड आली आहे आणि ती लपवण्याची तिची इच्छा नाही. ती यावर सही करणार नाही. काम गेले तरी करणार नाही.

५. थोरला रथ दि. १३ रोजी आहे. गर्दीत शिरता न येणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्या बायका शाळेच्या पटांगणात बसून पडद्यावरच रथ बघतात. तरी स्विचर दि. १२ रोजी दुपारपर्यंत, सर्व वायरींसह, परत द्यावा. पडदा चालला तर चारही बाजूंनी चालेल.

६. हे हमीपत्र अर्जदाराने निंगप्पा यांना वाचून दाखवले. तिला वाटले होते, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी मोगरीला तेल लावता लावता ऐकून घेतले आणि म्हणाले, "पडद्यावर मी नसलो तरी चालतंय, अक्का. चाकापाशी नसलो तर चालतंय का, तेवढं सायबाला इचारून घे."

अर्जदार विचारत आहे. उत्तर लेखी मिळावे.

आपली नम्र, परंतु सही न देणारी,
सुधारानी प्र. हत्तरगे
मादन हिप्परगा, दि. ९ एप्रिल २०२५

सोबत : १) कन्नड प्रत २) पंचनाम्याची प्रत ३) हमीपत्र, कोरे