आकडेवाला र

ओलोमोउत्स, ३ मार्च १९९६

ती. आजीस,
रेनाताचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गोष्टी जुळवायला घेतल्यात, छपाईचा खिळा न् खिळा हातानं लावून. चित्रातलं तुझं नाकही लाकडात कोरून झालं. पण ज्या ग्रंथमंडळासाठी पुस्तक छापतेय, त्याचे संपादक कुबेल्का अडून बसलेत. तू बोलतेस तो साधा ‘र’ नको, डोक्यावर आकडा असलेला चेक ‘र’ लावा. नाहीतर हे चेक साहित्यच नव्हे, मंडळ घेणार नाही, म्हणतात. काय करू? तुझ्या मागच्या पत्रातही जिथल्या तिथं आकडेवाले ‘र’ आहेत!
तुझी लाडकी,
रेनाता

ब्रनो, ७ मार्च

चि. रेनाताबाई,
आजीचे आशीर्वाद, कानाला एक पीळही.
शेजारच्या ब्लाझेनाबाई तुझं पत्र मला वाचून दाखवता दाखवता शेवटाला लाल झाल्या. मी बोलते, त्या लिहितात, आणि लिहिताना माझ्या जिभेला इस्त्री करतात! मास्तरीण होत्या ना. म्हणाल्या, मार्गिता, चूक दिसली की हात थांबत नाही गं. मी म्हटलं, चूक नव्हे, ते माझं तोंड आहे. स्लोवाकियातल्या आपल्या रोमा लोकांच्या वस्तीतून आणलंय. तुम्ही तिनाला ‘तर्झि’ म्हणता, मी ‘त्रि’. म्हणून माझ्या गोष्टीतल्या लांडग्यानं तिनातली एखादी बकरी कमी खाल्ली का?
आकडा लावणार असशील तर माझं नाव काढ. नाक राहू दे, कुबेल्कांचं म्हणून खपव.
हे पत्र दोनदा लिहून घेतलंय. शोध आकडा.
लोभ आहेच, धीरही धर.
आजी

ओलोमोउत्स, २० एप्रिल

ती. आजीस नमस्कार.
तुझ्या पत्रात एकही आकडा सापडला नाही. मग मीही आकडेवाले खिळे खणात परत टाकले. मंडळानं अंग काढून घेतलं. तरी छापलं. गठ्ठे इथंच पडलेत. पहिली प्रत तुला.
रेनाता

ब्रनो, २८ एप्रिल

चि. रेनाता,
पुस्तक पोचलं. ब्लाझेनाबाईंकडून एकच अक्षर शिकले, ‘र’: उभी काठी, खांद्याला वाकडा हात. पान पान बोट फिरवलं, सगळ्यांची डोकी मोकळी. शेवटच्या पानावर मात्र एक आकडेवाला सापडला! मी ओरडलेच. ब्लाझेनाबाई म्हणाल्या, तो ‘छापणारी’ या चेक शब्दातला आहे, त्याखाली तुझं नाव आहे. मग असू दे. तू इथं जन्मलीस, ते तुझं तोंड.
गठ्ठे इकडे पाठव. रविवारच्या बाजारात मांडून बसते. कुबेल्का आले तर त्यांनाही देईन, पण वाचून मीच दाखवणार.
माया पातळ करू नकोस.
तुझी आजी, आता चेक साहित्यिक