क्लेटन मॅब्री अहमदीत

कुवेत
गुरुवार, १९ सप्टेंबर १९९१

प्रिय बाबा,

हारूनभाई आज संध्याकाळी आमच्या दवाखान्याची गाडी घेऊन अहमदीला तुमच्या कँपवर येणार आहेत. त्यांच्याबरोबर हे पत्र देते आहे. मागच्या शुक्रवारी कार्यक्रम संपल्यावर तुम्ही विचारलंत, चारू, तुला आवडलं नाही का? मी आवडलं म्हणाले आणि गाडीत बसले. ते खरंच होतं. पण त्या दुपारी मला आणखी एक गोष्ट दिसली, ती तेव्हा सांगितली नाही. आधी खात्री करून घ्यायची होती. आता झाली आहे.

क्लेटन मॅब्री तेलविहिरींच्या आगी विझवणाऱ्या टेक्सासवाल्यांसाठी गायला येणार, ही बातमी तुम्ही मला हॉस्टेलच्या फोनवर दिलीत. मी वेळ विचारली, तर तुम्ही "हो हो, सगळं ठीक" म्हणून फोन ठेवून दिलात. वेळ मला हारूनभाईंकडून कळली. टेक्सासवाल्यांच्या मेसचा तो पत्र्याचा हॉल, कोपऱ्यात रचलेल्या स्टीलच्या थाळ्या, पुढच्या रांगांत तेलाने काळी पडलेली माणसं आणि मागे आपण, मल्याळी, फिलिपिनो. दुपारचे दोन वाजले होते, तरी वारा फिरल्यामुळे बाहेर धूर उतरला होता आणि दिवे लावावे लागले होते. मॅब्री आला तेव्हा तुम्ही उभे राहिलात. आपल्या रांगेत दुसरं कोणीही उभं राहिलं नाही.

त्याची रेकॉर्ड तुमच्या टेक्सासच्या साहेबाने परत जाताना तुम्हाला दिली, तेव्हा मी पाच वर्षांची होते. नदीवर पूल होतो, नावाड्याचं काम जातं, तरी तो रोज सकाळी काठावर जाऊन बसतो, असं ते शेवटचं गाणं. तुम्ही आईला ओळ न् ओळ मराठीत सांगायचात. त्यावर आई म्हणायची, नावाडी उपाशी मरतोय आणि चाल बघा, वरातीत वाजवल्यासारखी! चाल खरोखर तशीच होती, पळती. तुमचा पाय त्यावर आपोआप हलायचा. गेल्या वर्षी इराकी सैन्य आलं तेव्हा रेकॉर्ड क्वार्टरबरोबर लुटली गेली, पण तुम्हाला ती पाठ होती.

युद्धामुळे नाशिकला काढलेले ते अकरा महिने मला आठवतात. तुम्ही शेजाऱ्यांचे मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करत होतात. एकदा म्हणालात, तिकडे मला सगळे चंद्रहाससाहेब म्हणतात, इथे म्हणतात, जरा बघा हो, नळाला पाणी आलं का. आई हसली. तुम्ही हसला नाहीत. म्हणून जुलैत कंपनीने परत बोलावलं, तेव्हा वैद्यकीय तपासणीत तुम्ही पास व्हावं असं मला वाटत होतं. कानांची तपासणी माझ्याकडे आली. खरं तर मी ती दुसऱ्या कुणाला द्यायला हवी होती. दुसरं कोणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

आमची आवाजबंद खोली गेल्या वर्षी दवाखान्यातून उचलून नेलेली. चादरी ठेवायच्या खोलीत एक यंत्र आणि दोन खुर्च्या टाकून मी काम करते. ज्याचे कान तपासायचे त्याला बटण दाबणारा हात दिसता कामा नये, हा पहिला नियम. म्हणून मी तुम्हाला माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसवलं. प्रत्येक आवाजाला तुमचं बोट वर झालं. दोन्ही कानांचा आलेख सरळ आला, वीस डेसिबलवर, एखाद्या कॉलेजातल्या मुलाचा यावा तसा. सव्वीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी काम केलेल्या माणसाचा आलेख चार हजार हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीत, खाली जातोच. मी अशी शंभर माणसं तपासली आहेत, त्यातला एकही सुटलेला नाही. तुमचा सुटला, आणि मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला आनंद झाला. मी सही केली.

आता शुक्रवारचं. मॅब्रीने सुरुवातीलाच सांगितलं की त्याच्या मनगटाचं ऑपरेशन झालं आहे, त्याला आता पूर्वीसारखं जलद वाजवता येत नाही. तुम्ही तेव्हा टाळ्या वाजवल्यात. मला वाटलं, कौतुकाने. पुढची सहा-सात गाणी त्याने सावकाशच म्हटली, पण चांगली म्हटली. मग शेवटी नावाड्याचं गाणं सुरू केलं आणि पहिल्या कडव्यातच जनरेटर बंद पडला. माइक गेला, दिवे गेले. तो थांबला नाही. स्टूल घेऊन स्टेजवरून खाली आला आणि तसाच वाजवत राहिला. हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नव्हतं. त्या पळत्या गाण्याचं त्याने अगदी वेगळं काहीतरी करून टाकलं होतं. एकेक तार वाजवून तो थांबत होता आणि मध्ये नुसतं बोलल्यासारखं गात होता. पुढच्या रांगेतल्या एका दांडग्या माणसाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

तुम्ही माझ्या शेजारी डोळे मिटून बसला होतात. तुमचा पाय हलत होता. मला नाडी मोजायची सवय आहे, म्हणून मी दाराच्या फटीतून येणाऱ्या अंधुक उजेडात घड्याळ धरून मोजलं. मॅब्रीच्या गाण्याचे ठोके मिनिटाला शहात्तर, तुमच्या पायाचे एकशे बत्तीस. मी दोनदा मोजले. कडवं संपून तो थांबला, तरी तुमचा पाय चालू होता.

बाहेर आल्यावर हारूनभाई म्हणाले, क्या साहब, आपके हीरो ने तो गाने की लोरी बना दी! तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, बिलकुल रेकॉर्ड जैसा, एक मात्रा इधर की उधर नहीं. ते खो खो हसले. त्यांना वाटलं, तुम्ही मॅब्रीची थट्टा करताय. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही थट्टा करत नव्हतात. गेली काही वर्षं आपण बोलताना तुम्ही माझ्या डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघता, हे मला त्या क्षणी कळलं. ज्या मुलीचं कामच कान तपासणं आहे, तिला.

मंगळवारी पुन्हा धूर होता. सकाळी अकराला मी सुनंदा सिस्टरला यंत्रापाशी बसवलं आणि मी स्वतः तुमच्या जागी बसले. बाहेर काळोख, आत ट्यूबलाइट. खिडकीच्या काचेचा आरसा झाला होता. सुनंदाचा हात, बटण, बटणावरचं बोट, सगळं दिसत होतं. तुमची तपासणी झाली त्या दिवशीची हवामानाची नोंद मी काढून पाहिली. तेव्हाही आकाश असंच होतं. तुम्ही मला फसवलंत की नुसतं बोट दिसलं म्हणून बोट वर केलंत, हे मी विचारणार नाही. खुर्ची मी ठेवली होती. चूक माझ्या कामातली आहे.

एक ऑक्टोबरला तुम्ही पुन्हा गॅदरिंग सेंटरवर, विहिरींचं तेल गोळा होतं तिथे, रुजू होणार आहात. तिथे पाइपमधून विषारी वायू सुटला तर भोंगा वाजतो आणि माणसाला मास्क लावून बाहेर पडायला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. तो भोंगा उंच पट्टीतला आहे. हे मला तुम्हीच लहानपणी शिकवलं होतं.

म्हणून शनिवारी सकाळी आठ वाजता मी मोठ्या डॉक्टरांना लिहून देणार आहे की माझा अहवाल चुकीचा आहे, तो रद्द करावा आणि दुसऱ्या दवाखान्यात फेरतपासणी व्हावी. माझ्यावर काय कारवाई होईल ते मला माहीत नाही. तुमची नोकरी बहुतेक राहणार नाही. वर्कशॉपमध्ये मीटर दुरुस्तीच्या बाकावर एखादी जागा मिळते का, हे मी विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही आणि मी खोटी आशा लावत नाही. तुम्ही रागावाल. नाशिकला परत जावं लागलं, तर कदाचित बरेच दिवस रागावलेले राहाल. तरी मी शनिवारी जाणार आहे. डॉक्टरांच्या आधी हे तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. उद्या शुक्रवार, मी नेहमीसारखी येईन. समोर बसून सांगावं असं फार वाटत होतं बाबा, पण मला ते ओरडून सांगावं लागलं असतं. कँपच्या भिंती पातळ आहेत. सगळ्यांनी ऐकलं असतं, आणि तुम्ही मान हलवून म्हणाला असता, हो हो, सगळं ठीक.

तुमचीच,
चारुशीला