कॉलमचं नाव गोदू

ठाणे,
४ फेब्रुवारी २०२५

ती. गोदूकाकीस,
देवयानीचा शि. सा. न.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. जेवतेस ना? आमच्या केमिकल इंजिनीअरिंग विभागाला पन्नास वर्षं झाली. त्याचा इतिहास लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. मारुतीकाकांवर एक पान आहे. प्रयोगशाळेत त्यांनी जन्म काढला. अडचण एकच. तिथला उंच डिस्टिलेशन कॉलम, द्रव उकळून वेगळे करणारा, त्याला सगळे गोदू म्हणतात. नाव काकांनीच ठेवलेलं. वाफ सोडली की ओरडायचे म्हणे, गोदू तापली, लांब उभे राहा! समिती म्हणते, हा तुझा अपमान, नाव गाळा. तू सांगशील तसं करते.

माया पातळ करू नकोस.
तुझी देवयानी

डोंबिवली,
९ फेब्रुवारी

चि. देवयानीस,
काकीचे आशीर्वाद.

चौथी शिकलेली बाई लिहितेय, चुका काढू नकोस. समितीला दुसरं काम नाही वाटतं. म्हणजे इतकी वर्षं तुमची पोरं मला हसत होती आणि मला पत्ता नाही! जेवते म्हणून जेवते. दातवाल्याने सुई मारल्यावर गाल होतो ना, तशी सगळी झालेय. माणूस जाऊन तीन महिने झाले, रडू नाही. बायका येऊन तोंड बघून जातात.

आणि ऐक. घरात त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. अगं, ऐकलं का, नाहीतर नुसतं खाकरायचं. सासूबाईंसमोर पद्धत नव्हती, त्या गेल्या तरी तेच. उखाण्यातसुद्धा माझ्या नावाशी अडखळले. आणि तिकडे लोखंडाला गोदू. गाळून टाका.

जीव लावतेस तसा लाव.
तुझी काकी

ठाणे,
१४ फेब्रुवारी

ती. काकीस,
शि. सा. न.

नाव गाळलं. पण एक सांगते. आमचे निवृत्त सर परवा म्हणाले, संध्याकाळी वाफ बंद केली की काका कॉलम निवेपर्यंत थांबायचे. मग हात लावून म्हणायचे, गोदू, येतो गं. रोज. सर सोडून बाकीचे तोवर गेलेले असायचे. २४ तारखेला, सोमवारी, कॉलम शेवटचा चालवणार, मग भंगारात. येशील?

रागावलीस तरी आपलीच समज.
तुझी देवयानी

डोंबिवली,
१८ फेब्रुवारी

चि. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी येत नाही. भंगार बघायला कशाला यायचं?

नाव परत घाल. समितीला म्हणावं, बाईला विचारलं, बाई हो म्हणाली. गोदू तापली ते छाप, लांब उभे राहा तेही छाप. हसू देत पोरं. खोटं कुठे आहे त्यात?

येतो गं मात्र छापू नकोस. सरांनाही सांग, कुणाला बोलायचं नाही. ते तुमच्या विभागाचं नाही.

रडू अजून आलेलं नाही. विचारत बसू नकोस.

येत जा अधूनमधून.
तुझी,
गोदू